गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतलं लघवीचं इन्फेक्शन: तपासणी, औषधं आणि फाईल, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळी चुकली, टेस्ट पॉझिटिव्ह आली, आणि त्यानंतरच्या आठ-दहा आठवड्यांत ज्या तक्रारी सगळ्यात जास्त ऐकायला मिळतात त्यात लघवीची तक्रार असतेच असते. कुणाला जळजळ होते, कुणाला काहीच होत नाही पण रिपोर्टमध्ये जंतू दिसतात, कुणी दोन दिवस गोळ्या खाऊन बंद करतं आणि सहाव्या महिन्यात ताप घेऊन ॲडमिट होतं. खालचे प्रश्न तेच आहेत जे परत परत विचारले जातात. घाईत असाल तर एवढंच वाचा: ॲन्टिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) द्या आणि तो रिपोर्ट डिलिव्हरीपर्यंत फाईलला लावून ठेवा. डोस लिहिलेत ते समजावं म्हणून, स्वतःच्या मनाने घेण्यासाठी नाही.

मला सारखं लघवीला जावं लागतंय, हे इन्फेक्शन आहे का?

नुसतं सारखं जावं लागणं म्हणजे इन्फेक्शन नाही. दिवस गेल्यावर किडनीकडे जाणारं रक्त वाढतं, लघवी जास्त तयार होते, वर गर्भाशय अजून ओटीपोटातच असतं आणि मूत्राशयावर दाबतं, त्यामुळे रात्री दोन-तीनदा उठणं हे पहिल्या तीन महिन्यांत अगदी नेहमीचं आहे. पण लघवी करताना जळजळ, थेंब थेंब होणं, झाल्याबरोबर परत लागल्यासारखं वाटणं, ओटीपोटात दुखणं, लघवी गढूळ किंवा लालसर दिसणं, यातलं काही असेल तर "उष्णता झाली असेल", "उन्हाळी लागली असेल" म्हणून आठवडा घालवू नका, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी लघवी तपासायला द्या. जळजळ ही गरोदरपणाची नॉर्मल गोष्ट नाहीये.

मला काहीच त्रास नाही, मग कल्चर कशाला सांगितलं?

हा प्रश्न रास्त आहे आणि यावरच सगळ्यात जास्त वाद होतात, कारण घरच्यांना वाटतं उगाच खर्च.

लघवीत जंतू असणं पण त्रास काहीच नसणं, असं साधारण १०० पैकी २ ते १० गरोदर बायकांमध्ये दिसतं. एरवी, म्हणजे पोटात बाळ नसताना, अशा जंतूंना औषध देत नाहीत, द्यायचीही गरज नसते. गरोदरपणात मात्र नियम उलटा आहे. औषध न देता सोडलं तर जुन्या अभ्यासांमध्ये अशा १०० पैकी २० ते ४० जणींना पुढे किडनीचं इन्फेक्शन झालेलं दिसलं, औषध दिल्यावर तो आकडा अगदी थोडक्यावर आला. अलीकडच्या काही अभ्यासांमध्ये धोका एवढा मोठा दिसलेला नाही हेही खरं आहे, तरी किडनीचं इन्फेक्शन गरोदरपणात इतकं त्रासाचं असतं की जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या गरोदरपणाच्या मार्गदर्शनात कल्चर करायलाच सांगितलंय, आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटानेही २०१९ मध्ये हाच सल्ला कायम ठेवला. म्हणून पहिल्या भेटीतच, इतर रक्ताच्या तपासण्यांबरोबर, एकदा कल्चर. मला स्वतःला विचाराल तर पहिल्या तीन महिन्यांतली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी तपासणी हीच आहे.

गरोदरपणातच हे एवढं का वाढतं?

प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन गर्भाशयाला शांत ठेवतं, पण त्याच वेळी किडनीपासून मूत्राशयापर्यंत येणाऱ्या नळ्याही सैल करतं. सैल नळीत लघवी रेंगाळते, आणि रेंगाळलेल्या लघवीत जंतूंना वाढायला वेळ मिळतो. पुढे गर्भाशय मोठं होताना थोडं उजवीकडे झुकतं म्हणून उजव्या बाजूची नळी जास्त दाबली जाते, त्यामुळे किडनीचं दुखणं बहुतेकींना उजवीकडे येतं. लघवीतून साखर थोडी जास्त जाते तीही जंतूंच्या पथ्यावर. डायबेटिस असेल, आधी वारंवार इन्फेक्शन झालेलं असेल, किडनी स्टोन असेल, सिकल सेलचा वाहक असल्याचा रिपोर्ट असेल, तर हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा, विचारायची वाट बघू नका.

स्वच्छतेवरून कुणी बोलत असेल तर मनाला लावून घेऊ नका. हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात, आणि बाईचा मूत्रमार्ग मुळात आखूड असतो.

लघवीची साधी तपासणी नॉर्मल आली, तरी कल्चर लागतं का?

लागतं. साध्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली पस सेल्स म्हणजे पूच्या पेशी मोजतात आणि पट्टी बुडवून नायट्राइट (काही जंतू लघवीत तयार करतात ते रसायन), प्रोटीन, साखर बघतात. त्रास नसलेल्या इन्फेक्शनमध्ये ही तपासणी बऱ्याचदा चुकते. नायट्राइट पॉझिटिव्ह यायला जंतूंना लघवीत काही तास मिळावे लागतात, साधारण चार तास, आणि गरोदर बाई तर दर तासाला जाऊन येत असते. शिवाय एन्टेरोकॉकस आणि ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस हे जंतू नायट्राइट बनवतच नाहीत. उलट बाजूही आहे: गरोदरपणात अंगावरून पांढरं जास्त जातं, ते सॅम्पलमध्ये मिसळलं की पस सेल्स वाढलेले दिसतात आणि इन्फेक्शन नसताना गोळ्या सुरू होतात. त्यामुळे नायट्राइट पॉझिटिव्ह आलं तर इन्फेक्शनची शक्यता बरीच, पण निगेटिव्ह आलं म्हणून निश्चिंत व्हायचं नाही.

सॅम्पल नीट कसं द्यायचं?

अर्धे गोंधळ इथेच होतात म्हणून सविस्तर लिहितेय. लॅबमधून झाकणाची निर्जंतुक डबी घ्या, घरातली धुतलेली बाटली चालत नाही. आधी साबणाने हात धुवा. पुढून मागच्या दिशेने साध्या पाण्याने स्वच्छ करा आणि स्वच्छ टिश्यूने टिपून घ्या, ॲन्टिसेप्टिक लावू नका कारण ते डबीत उतरलं तर जंतू वाढतच नाहीत. एका हाताने दोन्ही बाजूची त्वचा बाजूला धरा, सुरुवातीची लघवी जाऊ द्या, धार चालू असतानाच डबी मध्ये धरा, साधारण अर्धी भरली की बाजूला घ्या, उरलेली टॉयलेटमध्ये. डबीच्या आतल्या बाजूला, झाकणाच्या आतल्या बाजूलाही बोट लागू देऊ नका. झाकण घट्ट लावून नाव, तारीख आणि वेळ लिहा.

सॅम्पल दोन तासांच्या आत लॅबला पोचायला हवं. नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, आणि २४ तासांच्या आत द्या. बाहेर टेबलावर पडून राहिलेल्या लघवीत जंतू दुप्पट-चौपट होत जातात, मग रिपोर्टमध्ये आकडा मोठा येतो आणि तो तुमच्या शरीरातला नसून डबीतला असतो.

सकाळची पहिली लघवी मिळाली तर उत्तम, नाहीतर निदान दोन-तीन तास रोखलेली चालेल. तेवढंही जमत नसेल तर जी मिळेल ती द्या, पण द्या.

रिपोर्ट हातात आलाय, यात बघायचं काय?

तीन ओळी बघा. पहिली, जंतूचं नाव. बहुतेक वेळा, म्हणजे १०० पैकी ७०-८० वेळा, तिथे ई. कोलाय असतं. बाकी क्लेब्सिएला, प्रोटियस, एन्टेरोकॉकस, ग्रुप बी स्ट्रेप. दुसरी ओळ, आकडा, ज्याच्यापुढे सीएफयू प्रति मिली, म्हणजे एक मिली लघवीत किती जंतू वाढले, असं लिहिलेलं असतं. त्रास नसताना १ लाख किंवा त्याहून जास्त आला तर इन्फेक्शन धरतात, हा १ लाखाचा उंबरठा संशोधक एडवर्ड कास यांच्या १९५० च्या दशकातल्या कामातून आलाय आणि अजून तोच वापरतात. जळजळ वगैरे त्रास असेल तर याहून कमी आकडाही धरला जातो, तेव्हा "१ लाख नाही म्हणजे काही नाही" असं परस्पर ठरवू नका. तिसरी, औषधांची यादी, ज्याच्यापुढे एस किंवा आर असतं. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. यादीत ज्यांच्यापुढे एस आहे ती सगळीच गरोदरपणात चालतात असं मात्र अजिबात नाही, लॅबची यादी पोटातल्या बाळाकडे बघून बनवलेली नसते.

"मिक्स्ड ग्रोथ" किंवा तीन-चार जंतू एकत्र लिहून आले असतील तर बहुतेक सॅम्पल खराब झालंय. अशा रिपोर्टवर गोळी घेण्यापेक्षा नीट सॅम्पल परत देणं चांगलं.

कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तोपर्यंत जळजळ सहन करायची का?

नाही. त्रास असेल तर सॅम्पल देऊन त्याच दिवशी औषध सुरू करतात, रिपोर्ट आला की गरज पडल्यास बदलतात. क्रम महत्त्वाचा आहे, आधी डबी आणि मग गोळी, कारण एक-दोन डोस पोटात गेले तरी कल्चर "नो ग्रोथ" येऊ शकतं आणि मग जंतू कुठला होता हे नंतर कुणालाच कळत नाही. त्रास काहीच नसेल तर रिपोर्टची वाट बघून मग नेमकं औषध घेणं जास्त शहाणपणाचं.

पहिल्या तीन महिन्यांत कुठल्या गोळ्या चालतात?

सेफॅलेक्सिन हे सगळ्यात जास्त दिलं जाणारं, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोन ते चार वेळा, ५ ते ७ दिवस. अमॉक्सिसिलिन चालतं पण ई. कोलाय बऱ्याच ठिकाणी त्याला दाद देत नाही, त्यामुळे रिपोर्टमध्ये एस असेल तरच. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटही वापरतात. फॉस्फोमायसिन हे ३ ग्रॅमचं पाकीट पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायचं, ज्यांना गोळ्या पोटात टिकत नाहीत त्यांना हे फार सोयीचं पडतं, पण इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं असेल तर ते पुरत नाही.

टाळायची औषधं: सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातल्या गोळ्या, आणि डॉक्सीसायक्लिन. ट्रायमेथोप्रिम, म्हणजे कोट्रायमोक्साझोलमधला एक घटक, फोलिक ॲसिडच्या आड येतो आणि नेमकं याच आठवड्यांत बाळाचा मेंदू-मणका बनत असतो, म्हणून दुसरा पर्याय असताना पहिल्या तीन महिन्यांत ते देत नाहीत. घरात मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्यांमध्ये बहुतेक याच असतात, त्या काढून टाका.

एका डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटोइन दिलं, दुसऱ्यांनी बघून बदललं. कोण बरोबर?

दोघंही बरोबर असू शकतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत हे औषध घेतलेल्या बायकांच्या बाळांमध्ये काही जन्मजात दोष जास्त दिसले, पण त्यात बायकांनी आठवून सांगितलेल्या माहितीवर भर होता, आणि नंतरच्या मोठ्या नोंदींमध्ये तसं ठळक काही दिसलं नाही. म्हणून अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की पहिल्या तीन महिन्यांत दुसरा योग्य पर्याय नसेल तर द्या, आणि ब्रिटनमधल्या मार्गदर्शनात तर गरोदरपणात ते पहिल्या पसंतीचं औषध आहे, फक्त शेवटच्या आठवड्यांत नको. तुमच्या रिपोर्टमध्ये सेफॅलेक्सिन आर असेल किंवा पेनिसिलिनची मोठी ॲलर्जी असेल तर नायट्रोफ्युरँटोइन घेताना घाबरून डोस चुकवू नका, इन्फेक्शन तसंच ठेवणं त्याहून वाईट. जी-सिक्स-पीडीची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींमधल्या एका एन्झाइमची जन्मजात, कमतरता असेल तर मात्र हे औषध नको, ते आधी सांगा. जेवणाबरोबर घ्यायचं, लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, त्याने काही बिघडत नाही.

दिवस गेलेत हे कळायच्या आधीच मी सिप्रोफ्लॉक्सासिनचा कोर्स केला. आता?

यावरून गर्भपाताचा विचार करायची गरज नाही, आणि हे मी ठासून सांगते कारण या भीतीपोटी घेतलेले निर्णय बघितलेत. आतापर्यंतच्या माहितीत अशा अजाणता घेतलेल्या डोसमुळे जन्मजात दोष वाढल्याचं स्पष्ट दिसलेलं नाही. हे औषध टाळतात ते सावधगिरी म्हणून. औषधाचं नाव, तारखा आणि पाळीची शेवटची तारीख फाईलमध्ये लिहून घ्या, डॉक्टरांना दाखवा, ठरलेल्या सोनोग्राफी वेळेवर करा.

उलट्याच एवढ्या होतात, गोळी टिकतच नाही.

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती बहुधा वाया गेली असं समजून डॉक्टरांना फोन करा आणि परत घ्यायची का विचारा. ज्या वेळेला मळमळ कमी असते तेव्हा डोस बसवून घ्या, उलटीचं औषध अर्धा तास आधी घेतलं तर बऱ्याच जणींना फरक पडतो. पाणीही टिकत नसेल, दिवसभरात लघवी अगदी थोडी आणि गडद होत असेल तर घरी बसून राहू नका, सलाईन आणि इंजेक्शनने औषध द्यावं लागतं. आणखी एक, उलट्या अचानक वाढल्या असतील तर त्यामागे हे इन्फेक्शनच असू शकतं, तेव्हा "दिवस गेलेत म्हणून होतंय" म्हणून सोडून देण्याआधी लघवी तपासा.

दोन दिवसांत बरं वाटलं, गोळ्या बंद करू का?

नको. त्रास थांबतो तेव्हा जंतू कमी झालेले असतात, संपलेले नसतात. ठरलेले ५ किंवा ७ दिवस पूर्ण करा.

जळजळीचं सायरप, भरपूर पाणी, क्रॅनबेरी, याने भागेल का?

लघवीचा आम्लपणा कमी करणारी सायट्रेटची सायरप जळजळ कमी करतात, जंतू मारत नाहीत, त्यामुळे बरं वाटतं आणि इन्फेक्शन तसंच राहतं. त्यात नायट्रोफ्युरँटोइन आम्ल लघवीतच नीट काम करतं, म्हणजे दोन्ही एकत्र घेतली तर सायरप औषधाचाच जोर कमी करतं, हे दुकानातून परस्पर सायरप घेताना कुणी सांगत नाही. पाणी प्या, तहान लागेल तसं आणि लघवी फिकट राहील एवढं, पण त्याने इन्फेक्शन बरं होत नाही. क्रॅनबेरीबद्दल २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात (यात अनेक अभ्यास एकत्र तपासतात) काही गटांना फायदा दिसला, गरोदर बायकांमध्ये मात्र फारसा नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका.

लगेच हॉस्पिटल कधी गाठायचं?

हुडहुडी भरून ताप आला, १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सियस किंवा जास्त. बरगड्यांच्या खाली पाठीत एका बाजूला दुखतंय आणि तिथे हाताने दाबलं किंवा हलकं थोपटलं तरी कळ येते. उलट्या थांबत नाहीत. धाप लागतेय, छाती धडधडतेय, चक्कर येतेय. यातलं काहीही असेल तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, गोळी घेऊन झोपायचं नाही. हे किडनीचं इन्फेक्शन असू शकतं आणि गरोदरपणात त्याला ॲडमिट करून शिरेतून औषध देतात, बहुतेक वेळा सेफ्ट्रायॲक्सोनसारखं, ताप उतरून २४ ते ४८ तास झाले की गोळ्यांवर आणतात, एकूण कोर्स साधारण १४ दिवसांचा. नायट्रोफ्युरँटोइन इथे चालत नाही कारण ते लघवीत साठतं, किडनीच्या पेशींमध्ये पुरेसं पोचत नाही. दोन-तीन दिवस औषध देऊनही ताप हटत नसेल तर सोनोग्राफी करून कुठे खडा अडकलाय का, पू झालाय का ते बघावं लागतं.

लघवीत रक्त दिसलं. लघवीतलं आहे की अंगावरून जातंय?

पहिल्या तीन महिन्यांत हा फरक करणं फार गरजेचं आहे आणि टॉयलेटमध्ये बघून तो नेहमी कळत नाही. स्वच्छ पॅड लावा, पॅडवर डाग येतोय तर रक्त बहुधा योनीतून आहे. तसं असेल, किंवा ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, खांद्यात दुखत असेल, घेरी येत असेल, तर आधी गर्भ गर्भाशयातच आहे ना हे सोनोग्राफीने बघायला हवं. अजून एकही सोनोग्राफी झालेली नाही आणि पोटात दुखतंय, अशा वेळी पट्टीवर पस सेल्स दिसले म्हणून "लघवीचं इन्फेक्शन" लिहून घरी पाठवणं धोक्याचं आहे. गर्भाशयाबाहेर, गर्भनलिकेत वाढणारा गर्भ अशानेच नजरेतून निसटतो. सोनोग्राफी झाली का, हा प्रश्न तुम्हीच विचारा.

बाळाला काही होईल का?

वेळेवर औषध घेतलेल्या साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनमुळे बाळाला त्रास होत नाही. काळजी असते ती दुर्लक्ष झालेल्या आणि किडनीपर्यंत गेलेल्या इन्फेक्शनची, त्याचा संबंध वेळेआधी कळा येण्याशी आणि कमी वजनाच्या बाळाशी दिसलेला आहे.

जळजळ खूप आहे पण कल्चर "नो ग्रोथ". मग काय?

आधी आठवा, सॅम्पलच्या आधी एखादी ॲन्टिबायोटिक गोळी पोटात गेली होती का. नसेल तर तपासणी करून बघावी लागते. खाज आणि घट्ट पांढरं जात असेल तर बुरशी, जी गरोदरपणात वाढते आणि ॲन्टिबायोटिकनंतर तर हमखास वाढते. त्याला क्लोट्रिमॅझोलसारखं आत ठेवायचं औषध देतात, फ्लुकोनॅझोलची गोळी या दिवसांत टाळतात. क्लॅमिडिया आणि गोनोरिया ही शरीरसंबंधातून पसरणारी इन्फेक्शन्स साध्या कल्चरमध्ये दिसत नाहीत, त्यांची तपासणी वेगळी सांगावी लागते. ती सांगितली म्हणजे कुणावर संशय घेतलाय असं नाही, उपचार सोपे आहेत आणि बाळाच्या डोळ्यांसाठी, फुप्फुसांसाठी ते करणं भाग आहे.

रिपोर्टमध्ये "ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस" आलंय. कोर्स झाला, विषय संपला ना?

संपला नाही, आणि या पूर्ण पानावरचं सगळ्यात कळकळीचं उत्तर हेच आहे.

हा जंतू लघवीत सापडला, कितीही कमी आकड्याने का असेना, याचा अर्थ तो खाली योनीच्या भागात भरपूर प्रमाणात आहे. लघवीत १ लाखाच्या वर असेल किंवा त्रास असेल तर आत्ता गोळ्या देतात, कमी असेल आणि त्रास नसेल तर आत्ता देत नाहीत. पण दोन्ही वेळेला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की शिरेतून पेनिसिलिन द्यायचं असतं, कारण जन्म होताना हा जंतू बाळाला लागला तर पहिल्या काही दिवसांतच रक्तात इन्फेक्शन, न्यूमोनिया होऊ शकतो. आत्ता घेतलेल्या गोळ्यांनी तो कायमचा जात नाही. जिथे ३६-३७ व्या आठवड्यात सगळ्यांचा स्वॅब घेतात तिथेही तुम्हाला त्याची गरज उरत नाही, कारण उत्तर आधीच मिळालेलं आहे.

आता विचार करा, हा रिपोर्ट नवव्या आठवड्यातला, आणि कळा येणार सात महिन्यांनी, रात्री, ड्युटीवर तुम्हाला कधीच न बघितलेल्या डॉक्टर. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनने "लघवीत ग्रुप बी स्ट्रेप, तारीख अमुक, कळा सुरू झाल्यावर ॲन्टिबायोटिक" असं लिहिलेलं नसेल तर त्यांना कळायला दुसरा काही मार्ग नाही. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर लिहून मागा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ते लॅबलाही कळवायला सांगा, म्हणजे क्लिंडामायसिन चालतं का हे ते आत्ताच तपासून ठेवतील.

फाईलमध्ये नेमकं काय लिहिलेलं असायला हवं?

"यूटीआय (लघवीचं इन्फेक्शन), गोळ्या दिल्या" एवढीच ओळ बऱ्याच फाइलींमध्ये दिसते आणि तिचा पुढच्या माणसाला काडीचा उपयोग नसतो. चांगली नोंद अशी दिसते:

"गरोदरपण ९ आठवडे ३ दिवस, सोनोग्राफीप्रमाणे. दोन दिवस जळजळ, ताप नाही, पाठीत दुखत नाही, अंगावरून रक्त नाही. ताप ९८.४, नाडी ८४, पाठीत दाबून दुखत नाही. मधल्या धारेचं सॅम्पल गोळीच्या आधी सकाळी १० वाजता पाठवलं. ॲलर्जी: लहानपणी अमॉक्सिसिलिनने अंगावर पुरळ, श्वासाचा त्रास नव्हता. सेफॅलेक्सिन ५०० दिवसातून तीनदा, ७ दिवस सुरू. रिपोर्ट कोण बघणार आणि पेशंटला कसं कळवणार: लिहिलं. ताप-थंडी आली तर लगेच यायला सांगितलं."

आणि रिपोर्ट आल्यावर खाली दुसरी नोंद: जंतू, आकडा, एस-आर, औषध तेच ठेवलं की बदललं, कोर्स कधी संपणार, परत कल्चर कधी. "नाही" म्हणून लिहिलेल्या गोष्टी, ताप नाही, पाठीत दुखत नाही, याही तेवढ्याच मोलाच्या आहेत, कारण चार दिवसांनी ताप आला तर तो नवीन आहे हे त्यावरून कळतं. ॲलर्जीपुढे नुसतं "पेनिसिलिन" लिहू नका, काय झालं होतं ते लिहा, साधं पुरळ असेल तर सेफॅलेक्सिन बहुतेकींना चालतं, घसा सुजून श्वास अडकला असेल तर गोष्ट वेगळी.

कोडिंग करताना कुठला कोड?

हा भाग क्लिनिकमध्ये नोंदी करणाऱ्यांसाठी, बाकीच्यांनी सोडला तरी चालेल. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत गरोदरपणातली ही इन्फेक्शन्स ओ२३ गटात येतात: किडनीचं ओ२३.०, मूत्राशयाचं ओ२३.१, आणि नेमकी जागा लिहिलेली नसेल तर ओ२३.४. एन३९.० हा एरवीचा कोड, गरोदर बाईसाठी तो वापरायचा नाही. अमेरिकन आवृत्तीत पुढे तिमाहीचा आकडा लागतो, पहिल्या तिमाहीतलं मूत्राशयाचं इन्फेक्शन ओ२३.११, जागा न सांगितलेलं ओ२३.४१, आणि पहिली तिमाही म्हणजे १४ आठवडे पूर्ण व्हायच्या आधीची. ई. कोलाय सापडलं असेल तर बी९६.२० जोडतात, गरोदरपणाच्या आठवड्यांसाठी झेड३ए. डॉक्टरांनी "मूत्राशय" की "किडनी" हे लिहिलेलंच नसेल तर कोड लावणाऱ्याने अंदाज करू नये, विचारावं.

कोर्स संपल्यावर परत कल्चर करायचं का?

बहुतेक डॉक्टर औषध संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी एकदा करायला सांगतात. प्रत्येकीला ते हवंच का यावर मतं वेगळी आहेत, पण पहिल्या वेळी त्रास काहीच नसताना जंतू सापडला असेल तर गेला की नाही हे दुसऱ्या कशानेच कळणार नाही, म्हणून मी करा म्हणेन. परत तोच जंतू आला तर रिपोर्ट बघून दुसरं औषध. प्रोटियस परत परत येत असेल तर किडनीत खडा आहे का ते बघायला हवं. वारंवार इन्फेक्शन होत असेल किंवा एकदा किडनीचं झालं असेल तर रोज रात्री एक छोटा डोस, सेफॅलेक्सिन किंवा नायट्रोफ्युरँटोइन, बाळंतपणानंतर चार ते सहा आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. महिनोन्महिने गोळी म्हटलं की जीवावर येतं, पण अशा बाईला दुसऱ्यांदा किडनीचं इन्फेक्शन होण्यापेक्षा ती परवडली.

नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात का?

साध्या लघवीच्या इन्फेक्शनमध्ये नाही. क्लॅमिडिया किंवा गोनोरिया निघाला तर हो, दोघांनी एकाच वेळी.

जुना रिपोर्ट हरवला. परत तपासणी करू का?

आधी लॅबला फोन करा, नाव आणि साधारण तारीख सांगितली की बहुतेक लॅब जुन्या रिपोर्टची प्रत काढून देतात. मिळाली की फोटो काढून मोबाईलमध्ये आणि घरातल्या अजून एका माणसाच्या मोबाईलमध्ये ठेवा, कागद फाईलला लावा. नाहीच मिळाली तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, कुठल्या महिन्यात झालं होतं आणि कुठल्या गोळ्या होत्या हे आठवत असेल तेवढं लिहून न्या, आणि त्या दिवशी, गोळी चालू नसताना, नवीन कल्चर द्या.